एचटीएमएल पृष्ठांतील मराठी शब्दांचा शोध: रेग्युलर एक्स्प्रेशनचा उपयोग व मर्यादा
(जव्हार-मोखाडा परिसरातील नामांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाविद्यालयीन संशोधनास लागणारा मराठी मजकूर आज मोठ्या प्रमाणावर संकेतस्थळांवर उपलब्ध आहे. वृत्तपत्रांच्या मागील अंकांतील बातम्या, शासकीय खात्यांची पृष्ठे, मराठी विश्वकोशाच्या नोंदी, २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया अशी त्याची अनेक रूपे आहेत. एखाद्या गावाचे, रोगाचे अथवा योजनेचे उल्लेख या साठ्यातून वेचून त्यांची वर्षवार मोजणी करणे हे काम पूर्वी कात्रणांच्या फायली चाळून होत असे. आता ते संगणकाकडे सोपविता येते आणि समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र व मराठी या विषयांतील अध्यापकही त्याकडे वळत आहेत. ही बाब स्वागतार्ह आहे. मात्र संगणकाने दिलेला आकडा कशाचा आहे, हे पाहण्याची सवय अद्याप आपल्याकडे पुरेशी रुजलेली नाही.

जव्हार-मोखाडा परिसरापुरता हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे या भागातील कुपोषणाकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. त्यानंतरच्या काळात वृत्तपत्रांनी या भागाची दखल कितपत घेतली, कोणत्या ऋतूत घेतली, कोणत्या शब्दांत घेतली, हा संशोधनाचा रास्त विषय आहे. अशा अभ्यासात शोधसूत्र सदोष असेल तर संगणक शून्य देतो आणि ते शून्य ‘उपेक्षा’ म्हणून निष्कर्षात जाऊन बसते. उलटपक्षी सूत्र अतिव्यापक असेल तर अंगणवाडीचा प्रत्येक उल्लेख वाडा तालुक्याच्या खात्यावर जमा होतो. हे दोन्ही प्रकार कसे घडतात आणि ते कसे टाळावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची घेतली आहेत, कारण संगणकशास्त्राबाहेरील अध्यापकांस ती तुलनेने लवकर अवगत होते.

लेखनाच्या सोयीसाठी एक संकेत येथेच नमूद करतो. एचटीएमएलमधील खुणांची नावे व सूत्रांतील अक्षरे प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहावी लागतात. या लेखात ती देवनागरीत लिप्यंतरित केली आहेत. उदाहरणार्थ, तक्त्याच्या घराची खूण येथे <टीडी> अशी, तर ‘शब्दघटक वर्ण’ दर्शविणारे चिन्ह \डब्ल्यू असे लिहिले आहे.

शोधसूत्राची संकल्पना

रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे शब्दाच्या घडणीचे वर्णन करणारे सूत्र होय. या लेखात त्यास ‘शोधसूत्र’ म्हटले आहे. त्याचे मूळ गणिती तर्कशास्त्रात आहे. स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात ‘नियमित’ संचांची कल्पना मांडली. १९६८ साली केन थॉम्पसन यांनी अशी सूत्रे मजकुराच्या शोधासाठी वापरण्याची कार्यपद्धती प्रसिद्ध केली आणि तेथून ती युनिक्स प्रणालीत व पुढे बहुतेक सर्व प्रोग्रॅमिंग भाषांत आली. मोजक्या चिन्हांवर हे सारे उभे आहे. टिंब म्हणजे कोणताही एक वर्ण. तारा म्हणजे आधीचा घटक शून्य वा अधिक वेळा. प्रश्नचिन्ह म्हणजे असला तर असो. चौकटी कंस म्हणजे यांपैकी एक वर्ण. उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. कुपोष(ण|ित) या सूत्रात ‘कुपोषण’, ‘कुपोषणामुळे’, ‘कुपोषित’ हे सारे सापडते. साध्या शोधात हेच काम तीन वेळा करावे लागले असते.

एचटीएमएलची रचना व सूत्राची अडचण

संकेतस्थळाचे पृष्ठ आपणास पडद्यावर दिसते ते निराळे आणि संगणकाच्या हाती असलेला मजकूर निराळा. त्या मजकुरात वाचनीय शब्दांच्या भोवती खुणा असतात, खुणांत गुणविशेष असतात, मध्येच आज्ञावली असते, टिपा असतात. पडद्यावर शेजारी शेजारी असलेली दोन घरे प्रत्यक्षात अशी असतात:

<टीडी>जव्हार</टीडी><टीडी>मोखाडा</टीडी>

यातून तालुक्यांची नावे काढण्यासाठी <टीडी>(.*)</टीडी> हे सूत्र नवशिक्याच्या मनात प्रथम येते. त्याचे उत्तर मात्र ‘जव्हार</टीडी><टीडी>मोखाडा’ असे एकच येते. तारा हे चिन्ह हावरे आहे; ते शक्य तितका अधिक मजकूर गिळते आणि शेवटच्या समाप्तिखुणेपाशीच थांबते. ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवून (.*?) असे लिहिले की ते पहिल्या समाप्तिखुणेशी थांबते व दोन नावे वेगळी होतात. येथवर ठीक आहे. परंतु खुणेत रंगाचा वा रुंदीचा गुणविशेष आला की सूत्र निकामी होते. घराचा मजकूर दोन ओळींत विभागला असेल तरीही होते, कारण वेगळी सूचना दिल्याखेरीज टिंब ओळ ओलांडत नाही. आणि त्या घरात आणखी एक तक्ता बसविलेला असेल तर बाहेरच्या घराची समाप्ती कोणती व आतल्या घराची कोणती, हे सूत्रास कळण्याचा मार्गच उरत नाही.

ही शेवटची अडचण सूत्र अधिक हुशारीने लिहून सुटणारी नाही. मूळ अर्थाने नियमित सूत्र मर्यादित अवस्थांच्या यंत्राइतकेच सामर्थ्यवान असते. किती कंस उघडले आणि त्यांपैकी किती मिटावयाचे राहिले, हे कितीही खोलीपर्यंत लक्षात ठेवण्याची सोय त्या यंत्रात नाही. एचटीएमएलची खुणांतील खुणा ही रचना नेमकी तशी आहे. नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या व्याकरणांच्या श्रेणीत या दोन गोष्टी दोन वेगळ्या पायऱ्यांवर बसतात. काही आधुनिक भाषांतील सूत्रे ही मर्यादा ओलांडतात हे खरे, पण ती वाचण्यास इतकी दुर्बोध होतात की संशोधनाच्या कामी त्यांची शिफारस करवत नाही.

व्यवहारात याहून अधिक त्रासदायक ठरते ती पृष्ठाची सजावट. बातमीच्या पृष्ठावर बातमीखेरीज वरची पट्टी, जिल्ह्यांची यादी आणि ‘संबंधित बातम्या’ असा मजकूर असतो. त्या यादीत ‘पालघर’ हा शब्द असेल तर कोल्हापूरच्या ऊस परिषदेची बातमीसुद्धा पालघरच्या मोजणीत येते. कच्च्या एचटीएमएलवर थेट सूत्र चालविणाऱ्या अभ्यासांत फुगलेल्या आकड्यांचे हे एक प्रमुख कारण होय.

म्हणून कामाची विभागणी करावी. रचना ओळखण्याचे काम पार्सरकडे, म्हणजे खुणांची उतरंड समजून घेणाऱ्या आज्ञावलीकडे द्यावे आणि त्यातून निघालेल्या निव्वळ मजकुरावर शोधसूत्र चालवावे. पायथनमध्ये अशी आज्ञावली भाषेसोबतच येते; शिवाय २००४ पासून प्रचारात असलेले ‘ब्यूटिफुल सूप’ हे साधन सदोष पृष्ठेही बऱ्यापैकी सांभाळून घेते. बातमीचा गाभा असलेला भाग निवडून तेवढाच घ्यावा.

खुणा काढून टाकण्यासाठी <[^>]*> हे सूत्र सर्रास वापरले जाते. त्याविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गुणविशेषाच्या मूल्यात ‘>’ हे चिन्ह येऊ शकते आणि तेथे हे सूत्र अर्ध्यावर तुटते. दुसरे असे की, खुणेच्या जागी काहीच ठेवले नाही तर वरील दोन घरांचे ‘जव्हारमोखाडा’ होते. मोकळी जागा ठेवली तर शब्दाच्या एखाद्याच अक्षरास ठळक केलेल्या ठिकाणी शब्द फुटतो. परिच्छेद, घर, ओळ यांच्या खुणांच्या जागी मोकळी जागा आणि ठळक, तिरपे अशा ओळीतील खुणांच्या जागी काहीही नाही, हा नियम पाळावा लागतो.

अक्षरांमागील आकडे

पृष्ठाचा गाभा हाती आला तरी त्यातील मराठी एकाच प्रकारे नोंदलेली असेल असे नाही. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धातील अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचा फॉन्ट वापरीत. त्या पृष्ठांवर पडद्यावर मराठी दिसे, पण फायलीत रोमन अक्षरे व चिन्हे असत. फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेश चढवी. अशा जतन केलेल्या पृष्ठांत ‘मोखाडा’ हा शब्द शोधणे व्यर्थ आहे, कारण तो तेथे अक्षरशः नसतो. त्या विशिष्ट फॉन्टच्या तक्त्यानुसार मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. एखाद्या वर्षापूर्वीचे सर्व आकडे शून्य आणि नंतरचे भरघोस असे चित्र दिसले, तर घटनांचा विचार करण्याआधी फॉन्टचा विचार करावा.

युनिकोडमध्ये देवनागरीस २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक दिलेले आहेत. ही मांडणी भारतीय मानक संस्थेच्या इस्की संकेतप्रणालीवरून आली. तीत व्यंजन, स्वर, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक असतात. ‘मोखाडा’ या तीन अक्षरी शब्दात संगणकाच्या दृष्टीने सहा वर्ण आहेत: म, ओकाराची मात्रा, ख, काना, ड, काना. काही पृष्ठांत हे वर्ण थेट न लिहिता क्रमांकाने लिहिलेले आढळतात:

&#२३५०;&#२३७९;&#२३२६;&#२३६६;&#२३३७;&#२३६६;

(प्रत्यक्षात हे अंक आंतरराष्ट्रीय अंकांत असतात.) ब्राउझर याचे ‘मोखाडा’ करून दाखवितो, शोधसूत्र तसे करीत नाही. पार्सर हे रूपांतर आपोआप करतो, आणि पार्सर वापरावयाचा नसल्यास पायथनमध्ये त्यासाठी स्वतंत्र सोय २०१४ पासून आहे. दुव्यांच्या पत्त्यांत मात्र याच सहा वर्णांचे अठरा बाइट होतात व प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन चिन्हांत लिहिला जातो. म्हणजे एका मोखाड्यासाठी चोपन्न चिन्हे! पत्त्यांत शोध घ्यावयाचा असल्यास तेही आधी उलगडावे लागते.

बाइट व वर्ण यांतील हा भेद पीएचपीमध्ये काम करणाऱ्यांनी विशेष जपावा. तेथे युनिकोडची सूचना न देता चौकटी कंसांत देवनागरी अक्षरे लिहिल्यास सूत्र वर्णांऐवजी सुटे बाइट जुळविते. देवनागरीच्या सर्व वर्णांचा पहिला बाइट एकच असल्याने [कख] हे सूत्र वाटेल त्या मराठी अक्षरात जुळते.

मराठीपुरत्या आणखी दोन गुंतागुंती आहेत आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांत त्या सापडत नाहीत. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र तीन प्रकारे टंकलिखित होतो: स्वतंत्र ऱ (२३५३) व हलन्त; साधा र, नुक्ता व हलन्त; किंवा साधा र, हलन्त व त्यापुढे ‘जोडक’ हे अदृश्य चिन्ह (८२०५). दिसण्यात तिन्ही सारखे. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन एक होतात, तिसरा वेगळाच राहतो. अदृश्य चिन्हे सरसकट पुसून टाकावीत हा सल्ला अनेकदा दिला जातो. तसे केल्यास तिसऱ्या प्रकारातील अर्ध्या र चा रफार होऊन शब्दच बदलतो. आधी त्याचे स्वतंत्र ऱ मध्ये रूपांतर करावे, मगच उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत. ती काढणे आवश्यकही आहे, कारण ‘जव्हार’ हा शब्द काही टंकलेखक व चा पाय मोडलेला दिसावा म्हणून मध्ये ‘विभाजक’ (८२०४) घालून लिहितात आणि साध्या ‘जव्हार’शी तो जुळत नाही.

दुसरी गुंतागुंत ‘ॲ’ या अक्षराची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आले (क्रमांक २४१८). तत्पूर्वी अ वर चंद्र देऊन, अथवा हिंदीच्या वळणाने ‘ऍ’ लिहून काम भागविले जाई. ही तिन्ही रूपे प्रमाणीकरणानेही एक होत नाहीत. माता-बालकांच्या आरोग्याविषयीचा मजकूर तपासताना (ॲ|अॅ|ऍ)निमिया असे सूत्र न लिहिल्यास २००८ पूर्वीचे उल्लेख निसटतात, आणि रक्तक्षयाची चर्चा त्या वर्षानंतर अकस्मात वाढली असा भास होतो.

मात्रा तोडणारे सूत्र

मजकुराचे शब्द वेगळे करण्यासाठी \डब्ल्यू+ हे सूत्र सर्वत्र शिकविले जाते. पायथनच्या प्रमाण संचातील शोधसूत्र-विभागात \डब्ल्यू म्हणजे अक्षर, अंक किंवा अधोरेघ. युनिकोडच्या वर्गीकरणात मात्रा, अनुस्वार व हलन्त यांची गणना अक्षरांत होत नाही. ती ‘चिन्हे’ आहेत. परिणामी सूत्र प्रत्येक मात्रेशी शब्द तोडते. पालघर जिल्ह्यातील आठ तालुक्यांची नावे या सूत्रास दिली असता पुढील तुकडे मिळतात: मोखाड्याचे म, ख, ड, जव्हारचे जव, ह, र, पालघरचे प, लघर, डहाणूचे डह, ण, तलासरीचे तल, सर, विक्रमगडचे व, क, रमगड, वाड्याचे व, ड. आठांपैकी एकटी वसई अखंड राहते, कारण तीत मात्रा नाही. ‘ई’ हा पूर्ण स्वर आहे. अशा रीतीने काढलेल्या शब्दसूचीत ‘र’ हा मराठीतील अत्यंत वारंवार येणारा ‘शब्द’ ठरल्यास नवल नाही.

शब्दसीमा दर्शविणारे \बी हे चिन्ह याच व्याख्येवर उभे असल्याने ते अधिक घातक ठरते. \बीमोखाडा\बी हे सूत्र ‘मोखाडा तालुका’ या मजकुरात काहीच शोधत नाही. अखेरचा काना शब्दघटक नाही, पुढील मोकळी जागाही नाही. दोन्ही बाजूंस शब्द नसल्याने तेथे सीमा नाही, असा संगणकाचा हिशेब असतो. पडद्यावर शून्य येते. कोणतीही चूक दाखविली जात नाही. उलट दिशेने, ‘कोळीवाडा’ या शब्दात ळी ची वेलांटी शब्दघटक नसल्यामुळे तिच्यानंतर सीमा असल्याचे मानले जाते व \बीवाडा हे सूत्र तेथे जुळते. ‘मराठवाडा’त मात्र ठ हे व्यंजन आधी असल्याने ते जुळत नाही. किनाऱ्यावरील सारे कोळीवाडे वाडा तालुक्यात जमा व मराठवाडा बाहेर, असा हा विलक्षण न्याय आहे.

युनिकोडच्या तांत्रिक मानक क्र. १८ मध्ये मात्रादी चिन्हांचा शब्दघटकांत समावेश करण्याची शिफारस आहे. पर्ल भाषा तसे करते. पायथनसाठी ‘रेजेक्स’ नावाचा स्वतंत्र विभाग मिळतो, तोही तसे करतो. जावास्क्रिप्टमध्ये \डब्ल्यू हे केवळ रोमन अक्षरांपुरते असल्याने तेथे वसईदेखील सापडत नाही. प्रमाण पायथनच वापरावयाचे असेल तर देवनागरी शब्दघटकांचा संच स्वतः घोषित करावा: २३०४ ते २४०३ आणि २४१७ ते २४३१. मधले क्रमांक मुद्दाम वगळले आहेत. तेथे दंड, दुहेरी दंड, अंक व संक्षेपचिन्ह आहेत. अदृश्य चिन्हे मजकुरातून काढली नसतील तर ८२०४ व ८२०५ हेही या संचात घालावेत. या संचास [दे] असे नाव दिले तर शब्दसीमेचे काम असे होते:

(?<![दे])वाडा(?![दे])

आधी देवनागरी घटक नको, नंतरही नको, असा याचा अर्थ. हे सूत्र कोळीवाडा, मराठवाडा व शनिवारवाडा तिन्ही वगळते आणि ‘वाडा, विक्रमगड’ मधील वाडा बरोबर घेते. अंकांच्या बाबतीत मात्र पायथन उदार आहे. \डी हे चिन्ह तेथे देवनागरी अंकही ओळखते, त्यामुळे ‘२०१४’ व आंतरराष्ट्रीय अंकांतील तेच वर्ष एकाच सूत्रात मिळते.

सामान्यरूप, अनुस्वार व स्थलनामे

येथून पुढील अडचणी संगणकाच्या नाहीत, त्या मराठीच्या आहेत आणि माझ्या मते भाषेच्या अध्यापकांनी या कामात सहभागी व्हावे ते याच टप्प्यावर. मराठीत नामास विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. वरील आठ नावांपैकी मोखाडा व वाडा ही दोनच आकारान्त आहेत व त्यांचीच रूपे बदलतात: मोखाड्यात, मोखाड्याचा, वाड्याला. ‘मोखाडा’ असा अखंड शब्द शोधल्यास ‘मोखाड्यात बालमृत्यू’ हा मथळा निसटतो. जव्हारचे तसे होत नाही. ‘जव्हारमध्ये’, ‘जव्हारच्या’ यांत मूळ शब्द जसाच्या तसा आहे. अर्थात, एकाच पद्धतीने दोन्ही तालुके मोजून तुलना केली तर मोखाड्याची दखल जव्हारपेक्षा कमी घेतली गेली असा निष्कर्ष निव्वळ व्याकरणाच्या बळावर निघू शकतो.

उपाय सोपा आहे: (?<![दे])मोखाड(ा|्या). खोडाळ्यासाठीही हीच रीत. जुना छापील मजकूर संकेतस्थळावर आणला असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वी ‘मोखाड्यांत’, ‘तालुक्यांत’ असेच लिहिले जाई. तेव्हा मोखाड(ा|्यां?) असे लिहून अनुस्वार ऐच्छिक करावा.

वाड्याच्या बाबतीत हीच सवलत अंगाशी येते. आजच्या लेखनात ‘वाड्यात’ हे वाडा या नामाचे रूप, तर ‘वाड्यांत’ हे वाडी किंवा वाडा यांचे अनेकवचन. तालुका व पाड्या-वाड्या यांतील फरक एका टिंबावर टिकून आहे. अनुस्वार ऐच्छिक केला की ‘आदिवासी वाड्यांत पाणीटंचाई’ ही कोणत्याही तालुक्यातील बातमी वाडा तालुक्याच्या खात्यावर जाते. न करावा तर १९६२ पूर्वीचे खरे उल्लेख सुटतात. शिवाय वाडा म्हणजे मोठे घर हा अर्थ आहेच. जो कोणी ‘वाड’ हे मूळ घेऊन शोधेल त्याच्या हाती अंगणवाडी, आदिवासी वाडी व वाडवडील सारेच लागतील. आणि कुपोषणाच्या बातम्यांत अंगणवाडी हा शब्द पदोपदी येतो. येथे शोधसूत्राने हार मानावी हेच इष्ट. वाड(ा|्या)[दे]*\एस+तालुक अशी तालुक्याची जोड मागावी, अथवा त्याच परिच्छेदात पालघर, विक्रमगड, जव्हार यांपैकी एखादे नाव आहे काय ते पाहावे. त्यामुळे काही उल्लेख सुटतील, पण जे मिळतील ते बव्हंशी खरे असतील.

वावर-वांगणीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ‘वावर’ म्हणजे शेत. ‘वावर असणे’ हा वाक्प्रचार. ‘वावरणे’ हे क्रियापद. ‘बिबट्याचा वावर’ हा मथळा तर वर्षभर चालू असतो. ‘वांगणी’ घ्यावे तर बदलापूर-कर्जत लोहमार्गावरील अंबरनाथ तालुक्यातील स्थानक त्याच नावाचे आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या स्थानकात रुळांवर पडलेल्या एका बालकास रेल्वे कर्मचाऱ्याने धावत्या गाडीपुढून वाचविले व ती बातमी देशभर गाजली. ‘वांगणी’ आणि ‘बालक’ हे दोन शब्द एकत्र मागणाऱ्या सूत्रास हीच बातमी प्रथम मिळेल. म्हणून जोडनाव एकत्रच मागावे: वावर\एस*[-–—]?\एस*वांगणी. चौकटीत संयोगचिन्हाबरोबर दोन लांबीच्या रेघा आहेत, कारण संगणकास तिन्ही वेगळ्या. आणि \एस* मुळे नाव दोन ओळींत तुटले असले तरी सापडते. ‘जव्हार’च्या रोमन रूपावरून उलट लिप्यंतर झालेल्या मजकुरात ‘जवाहर’ असे आढळू शकते, पण ते सूत्रात घेतल्यास जवाहर नवोदय विद्यालय व जवाहर रोजगार योजना यांचा लोंढा येतो. ते घेऊ नये. अशी पृष्ठे हातानेच तपासावीत.

जिल्ह्याच्या नावाविषयीही सावध राहावे लागते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या मजकुरात मोखाडा व जव्हार ‘ठाणे जिल्ह्यात’ आहेत, आणि ‘पालघर’ म्हणजे केवळ शहर वा तालुका. शोधात जिल्ह्याची अट घालावयाची असल्यास ती तारखेनुसार बदलली पाहिजे.

आकड्याची पारख

शोधसूत्र किती खरे आहे हे सूत्राकडे पाहून कळत नाही. त्यासाठी पृष्ठे वाचावी लागतात. संचातून यदृच्छया शंभरेक पृष्ठे निवडून ती डोळ्यांनी वाचावीत व खऱ्या उल्लेखांवर खूण करावी. मग त्याच पृष्ठांवर सूत्र चालवावे. समजा, वाचकाने पन्नास खरे उल्लेख नोंदविले, सूत्राने चाळीस शोधले आणि त्या चाळिसांतील तीस खरे निघाले. तर अचूकता चाळिसांत तीस, म्हणजे ७५ टक्के. आणि व्याप्ती पन्नासांत तीस, म्हणजे ६० टक्के. पहिली संख्या बहुतेक जण काढतात, कारण सापडलेले समोर असते. दुसरीसाठी ज्या पृष्ठांत सूत्रास काहीच मिळाले नाही तीही वाचावी लागतात. त्या श्रमास पर्याय नाही. नमुन्यातील पृष्ठे निरनिराळ्या वर्षांची असावीत, नाही तर फॉन्ट व टंकलेखनाचे बदल नजरेतून सुटतात.

प्रबंधात वा शोधनिबंधात आकडा देताना सूत्र जसेच्या तसे छापावे. प्रोग्रॅमिंग भाषा व तिची आवृत्ती, पृष्ठे जतन केल्याची तारीख, पृष्ठाचा कोणता भाग घेतला आणि प्रमाणीकरण कोणते केले, हेही लिहावे. पृष्ठे एकदा उतरवून घेऊन संगणकावर जतन करावीत व शोध त्या प्रतींवर घ्यावा. संकेतस्थळांची मांडणी बदलत राहते, आणि वारंवार मागणी केल्याने त्यांच्यावर पडणारा भार व आपल्याकडील जोडणीचा भरवसा या दोन्ही दृष्टींनी ते सोयीचे पडते. नमुना तपासल्यानंतर सूत्रात दुरुस्ती केली तर ते संपूर्ण संचावर, पहिल्या वर्षापासून पुन्हा चालवावे. काही वर्षे जुन्या सूत्राने व काही नव्या सूत्राने मोजलेली असल्यास त्यांची एकमेकांशी तुलना करू नये.